नीट : एका शब्दाची झडती

"नीट ऱ्हा."

आपल्या भाषेतला हा सगळ्यात छोटा हुकूम. दोन शब्द आणि वर उचललेलं एक बोट. माझ्या आज्यानं तो चावडीपुढं ऐकला, बापानं उसाच्या फडात ऐकला, मी साळंत ऐकला आणि आता सूतगिरणीत ऐकतो. तीन पिढ्या नीट ऱ्हातोय, तरी कुणाचं समाधान नाही.

दोस्तांनो, इतिहास म्हटलं की आपण भीमा कोरेगाव सांगतो, महाड सांगतो, काळाराम सांगतो. सांगितलाच पाहिजे. पण लढाई काही फक्त मैदानात होत नाही. ती शब्दांतही चालू असते, आणि तिथं आपण बेसावध असतो. म्हणून आज एका शब्दाची झडती घ्यायची ठरवलीय. पोलीस वस्तीत शिरून घेतात तशी. मडकी, बोचकी, ट्रंका, सगळं उलथून.

शब्द आहे नीट.

मराठीत नीट म्हणजे सरळ. नीट वाटेनं जा. नीट म्हणजे बरोबर. हिशेब नीट कर. नीट म्हणजे बरं. तब्येत नीट हाय का? नीट म्हणजे जपून. रात्रपाळीला निघताना आई म्हणते, "नीट जा रं." या नीटमध्ये माया आहे. आणि तोच शब्द पाटलाच्या तोंडात गेला की, "नीट बोल, कुणाशी बोलतोस ठावं हाय का?" या नीटमध्ये काठी आहे. शब्द तोच, तोंड बदललं की अर्थ बदलला. आईच्या नीटचा अर्थ 'तुला काही होऊ नये'. पाटलाच्या नीटचा अर्थ 'तू आहेस तिथंच ऱ्हा'.

याच शब्दाला जोडून आपण नीटनेटका म्हणतो. हा नेटका साताऱ्याच्या मातीत चांगला मुरलेला शब्द. सज्जनगड साताऱ्यापासून हाकेवर. रामदासांनी दासबोधात प्रपंचाला हाच शब्द लावलाय. आधी संसार नेटका करावा, मग परमार्थाकडं वळावं, असा त्यांचा उपदेश. उपदेश वाईट नाही. पण तो ऐकायला समोर बसलंय कोण? ज्याच्या घरात भांडी आहेत, दाराला कडी आहे, ज्याचा दिवस ज्याच्या मालकीचा आहे, तो. महाराच्या दिवसाच्या चोवीस तासांवर गावाचा हक्क. सांगावा ने, सारा पोचव, साहेबाच्या घोड्यापुढं पळ, मेलेलं जनावर ओढ, मर्तिकाची बातमी परगावी सांग. तो हजर नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. म्हातारा बाप जाईल, नाहीतर बायको. या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं, पण कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. तोवर नेटका प्रपंच कुणी कधी करायचा होता?

आता शब्दाची दुसरी ट्रंक उघडू.

माझं इंग्रजी साळंतलं नव्हे. रद्दीच्या दुकानात किलोवर घेतलेल्या, पुठ्ठा गेलेल्या डिक्शनरीवर मी ते शिकलो. रात्रपाळीनंतर झोप येईपर्यंत एक पान, असा नेम. 'एन' अक्षराशी आलो आणि थांबलो. इंग्रजीतही नीट आहे! अर्थ स्वच्छ, व्यवस्थित, टापटिपीचा. मला वाटलं, साहेबानं हा शब्दही आपल्याकडनंच नेला, नाहीतर आपण त्याच्याकडनं घेतला. तसं काही नाही. आवाज जुळला, कूळ जुळत नाही. इंग्रजी नीट लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला. मूळ अर्थ चकाकणारा, लखलखणारा. (आता तर सांगली-साताऱ्यात नीट म्हटलं की पोरांना डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा आठवते. तिथंही कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं हाच मामला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.)

या इंग्रजी नीटचा एक सख्खा भाऊ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पगाराच्या चिठ्ठीवरचा नेट. ग्रॉस एवढा, कपात एवढी, नेट एवढा. दोघांची आई एकच. कापून, झाडून, खाली जे निव्वळ उरतं ते नेट. मला हा शब्दाचा इतिहास फार पटला. मालकाच्या हिशेबात स्वच्छ काय, तर आमच्या घामातून सगळं वजा केल्यावर आमच्या हातावर पडतं ते.

पण खरी गंमत पुढं आहे. डिक्शनरीत नीट दोनदा आला होता. दुसरा शब्द जुना, आता वापरातून गेलेला, कूळ अगदी निराळं. त्याचा अर्थ गाय-बैल. गुरंढोरं. ढोरांचे पाय आणि नळ्या उकळून तेल काढतात, ते चामड्याला लावतात, त्या तेलाच्या इंग्रजी नावात हा नीट अजून शिल्लक आहे. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात पहिल्याच प्रवेशात एक चांभार येतो. हो, चांभार. तो अधिकाऱ्यांपुढं ताठ उभा राहून त्यांची फिरकी घेतो, आणि भले भले लोक माझ्या हातचं पायात घालून फिरलेत असं फुशारकीनं सांगतो. त्या जोड्यांच्या चामड्याला तो हाच ढोराचा नीट शब्द वापरतो.

पान मिटलं आणि मी बराच वेळ तसाच बसलो. इंग्रजांनी न कळत एका स्पेलिंगात जे ठेवलंय, ते आपल्या गावगाड्यानं जाणूनबुजून दोन वस्त्यांत वाटलंय. एका नीटचा अर्थ स्वच्छ. दुसऱ्याचा ढोर. स्वच्छ गावात राहिला, ढोर आमच्या वाट्याला आलं. जनावर जिवंत होतं तोवर त्याचं दूध गावाचं, शेण गावाचं, मूत सुद्धा गावाला पवित्र. मेलं की आमचं. आम्ही ते उचललं नसतं तर चार दिवसांत गाव नाक धरून पळालं असतं. गाव स्वच्छ होतं ते आमच्यामुळं, आणि घाणेरडे ठरलो आम्ही.

हे आपोआप झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हे लिहून ठेवलेलं आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांचा पोशाख ठरवून दिलाय. कपडे मेलेल्या माणसाच्या अंगावरचे, जेवण फुटक्या भांड्यात, दागिने लोखंडाचे. ध्यानात घ्या, हे वर्णन नव्हे. 'ते असे राहतात' असं तो म्हणत नाही. 'त्यांनी असं राहावं' म्हणतो. घाण हा आमचा स्वभाव नव्हता, तो आमचा गणवेश होता. वरून शिवून आलेला. दुसऱ्या अध्यायात तर शूद्राचं नावसुद्धा ऐकून किळस वाटेल असं असावं, अशी सोय केलीय. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्यानं कमरेला झाडू बांधून आपलीच पावलं पुसत जावं आणि थुंकायला गळ्यात मडकं अडकवावं, हा दंडक बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात जगापुढं मांडला. आमची थुंकी मडक्यात, आणि त्यांची? ती कुठंही.

आता साताऱ्याला चला.

बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं. आई भीमाबाई १८९६ साली इथंच वारल्या, त्यांची समाधी साताऱ्यात आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या हजेरीपटावर चढलं. ती शाळा आता प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतं. भाषणं होतात, हार पडतात. पण त्या शाळेत भिवा कशावर बसत होता? घरनं नेलेल्या गोणपाटावर. आणि शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नव्हता, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि रोज आणायचं. झाडणाऱ्याच्या लेखीसुद्धा ते घाण होतं.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्यात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं छापल्या गेल्यात. प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचाव्यात. त्यात घरच्या धुण्याची गोष्ट आहे. साताऱ्यात परीट नव्हते असं नाही. त्यांना द्यायला रामजीबाबांकडं पैसे नव्हते असंही नाही. सुभेदाराचं घर होतं. पण महाराचे कपडे धुणार कोण? परीट धूत नव्हता, म्हणून बहिणी धूत होत्या. न्हावी डोक्याला हात लावत नव्हता, म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापायला शिकली आणि त्यात तरबेज झाली.

इथं जरा थांबू या. लोक म्हणतात ना, 'तुमची माणसं स्वच्छ राहिली तर कोण कशाला लांब धरेल?' हा प्रश्न आजही चांगले शिकलेले लोक विचारतात. त्यांना साताऱ्याचं हे घर दाखवा. पैसा आहे, साबण आहे, इच्छा आहे, शिस्त तर लष्करातली आहे. परीट दार उघडत नाही. आधी स्वच्छतेची दारं बंद केली, मग अस्वच्छ म्हणून दाराबाहेर ठेवलं. चोरानंच उलटं कोतवालाला दरडावायचं, तसला हा न्याय.

आणि त्यांचं म्हणणं खरं की खोटं याचा निकालही सातारा जिल्ह्यातच लागलेला आहे, साधारण १९०१ साली, मसूर स्टेशनावर.

दुष्काळ पडला होता. खटाव तालुक्यात गोरेगावला सरकारनं दुष्काळी काम म्हणून तलाव खोदायला काढला होता, तिथं रामजीबाबा खजिनदार. त्यांनी पोरांना सुट्टीत बोलावलं. पोरं हरखली. प्रवासासाठी नवे कपडे शिवले. इंग्रजी धर्तीचे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. भिवा, त्याचा भाऊ, आणि वारलेल्या थोरल्या बहिणीची दोन पोरं. साताऱ्याहून आगगाडीत बसली, संध्याकाळी पाचच्या सुमाराला मसूरला उतरली. वडलांना पत्र वेळेवर पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नाही. स्टेशन रिकामं झालं. स्टेशनमास्तर जवळ आला. पोरांचे कपडे बघून त्याची खात्री पटली होती की ही ब्राह्मणाची पोरं. त्याला दया आली. तुम्ही कोण, कुठं जायचं, चौकशी केली. भिवानं सरळ सांगून टाकलं, आम्ही महार.

मास्तरचा चेहरा बदलला. तो मागं सरला.

बघा, एका क्षणात काय झालं. सदरा तोच होता. टोपी तीच. बूट तेच. पोरांच्या अंगावर धुळीचा एक कण वाढला नव्हता. वाढला फक्त एक शब्द. आणि त्या एका शब्दानं नवी कोरी पोरं घाण झाली. दुप्पट भाडं देऊन, बैलगाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं, या बोलीवर गाडी मिळाली. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. जवळ अन्न होतं, पण पाण्यावाचून ते गळ्याखाली उतरंना.

म्हणून मी म्हणतो, अस्पृश्यतेचा आणि अस्वच्छतेचा संबंध नाही हे सिद्ध करायला कुठल्या विद्यापीठाच्या प्रबंधाची गरज नाही. मसूरचा फलाट पुरे. नऊ-दहा वर्षांच्या पोरानं तिथं जो धडा घेतला, त्यावर पुढची पन्नास वर्षं उभी आहेत.

त्यातलाच पुढचा धडा महाडला. २० मार्च १९२७ ला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्या तळ्यात गुरं पाणी पीत होती, परधर्माची माणसं पाणी भरत होती. तळं बाटलं नव्हतं. आपण ओंजळ घातली आणि बाटलं. मग शुद्धी झाली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्र म्हणत ते तळ्यात सोडलं. शेण टाकून पाणी स्वच्छ करणारी जगातली ही एकच संस्कृती असंल.

असंच शेण त्याआधी पुण्याच्या रस्त्यावर सावित्रीबाईंच्या अंगावर पडलं होतं. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. १८४८ पासून त्या शाळेत शिकवायला निघाल्या की लोक शेण मारायचे, चिखल मारायचे. त्या सोबत दुसरं लुगडं ठेवायच्या. शाळेत गेल्यावर बदलायच्या आणि पोरींपुढं स्वच्छ होऊन उभ्या राहायच्या. जातिव्यवस्थेनं आपल्यावर घाण फेकणं आणि आपण ती झटकून पुन्हा स्वच्छ उभं राहणं, याचा इतिहास त्या दुसऱ्या लुगड्यापासून लिहायला हवा.

आता कुणी म्हणेल, स्वच्छतेनं जात जात नाही हे मसूरला कळलं, तर मग बाबासाहेब जन्मभर स्वच्छतेचा आग्रह का धरत राहिले? हा प्रश्न आपल्याच शाखेत एका पोरानं मला विचारला. खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर महाडलाच आहे. डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी बोलले. जे लुगडं गुडघ्यापर्यंत नेसायचं, ते नीट खाली नेसा. गळ्यातल्या, हातापायांतल्या कथलाच्या, चांदीच्या जड वेढ्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते उतरवा. लुगड्याला ठिगळं असली तर असू द्या, पण ते स्वच्छ असू द्या.

ठिगळाची गोष्ट मला फार मोठी वाटते. ठिगळ ही गरिबी आहे, तिची लाज नाही. घाण हा मनूचा गणवेश आहे, तो फेकून द्या. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी अलग केल्या. मनूचं पुस्तक जाळलं आणि मनूचा पोशाख उतरवला, एकाच मांडवात. बायांनी तिथल्या तिथं लुगड्याची नेसण बदलली. ती नेसण स्टेशनमास्तरला खूष करायला नव्हती. तो खूष होणार नाही हे बाबासाहेबांइतकं कुणाला माहीत होतं? ती स्वतःच्या नजरेत उभं राहण्यासाठी होती. तसंच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत आली. त्यांत किती ठिगळं होती कुणी मोजली नाहीत.

मी गिरणीतला माणूस, म्हणून गिरणीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं सूत खात्यात भरपूर होती. विणकाम खात्यात नव्हती. पगार तिथं जास्त. का नव्हती? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं. लाल झेंड्याखाली उभा असलेला कामगार, पण ओठ मनूचेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. मालकानं केलेल्या अन्यायावर बोलता, मग कामगारानं कामगारावर केलेल्या अन्यायाचं काय, असा तो सवाल होता. आणि या सगळ्या भानगडीत एक गोष्ट बघा. तोंडानं धागा ओढायची ती पद्धत सगळ्यांच्याच फुप्फुसाला वाईट होती. रुईचा भुगा सगळ्यांच्या छातीत जात होता. घाण तिथं होती. पण ती कुणाला दिसली नाही. दिसली फक्त जात.

तुम्ही म्हणाल, जुनं झालं. बरं, आजचं सांगतो. सांगलीत खोली बघायला गेलो. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. घरमालकीण बाई बोलायला गोड. म्हणाल्या, "आम्हाला भाडं कमी आलं तरी चालंल, पण माणसं स्वच्छ पायजेत." मी म्हणालो, मी स्वच्छच राहतो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते दिसतंयच की. आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं. मग त्यांना आठवलं की पुतण्या येणार आहे राहायला. दोस्तांनो, मी जिना उतरलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं मसूरचा फलाट होता. शंभरावर वर्षं झाली, गाडी तिथंच उभी.

आणि कामावर एकदा एका साहेबानं पाठीवर थाप मारली. "तू किती नीटनेटका असतोस रे. वाटत नाहीस." काय वाटत नाही, ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. आणि माझी लाज ऐका. मला क्षणभर बरं वाटलं. घरी येऊन आरशापुढं भांग पाडताना हात थांबला. हा भांग मी कुणासाठी पाडतोय? लुगड्याची नेसण बदलणाऱ्या महाडच्या बायांसाठी, की 'वाटत नाहीस' म्हणणाऱ्या साहेबासाठी? ज्या दिवशी आपण 'वाटू नये' म्हणून स्वच्छ राहू, त्या दिवशी बाबासाहेबांचा कोट आपल्या अंगावर मनूचा गणवेश होऊन बसंल.

आता शेवटची ट्रंक. ही आपल्याच घरातली आहे, म्हणून उघडायला जड जाते.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरोघर नवी केरसुणी आणतात. तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. ती केरसुणी बांधते कोण? आपला मांग भाऊ. शिंदीचे फोक आणायचे, झोडायचे, वळायचे. त्याच्या हातची लक्ष्मी देवघरात आणि तो उंबऱ्याबाहेर. वाटेगावच्या मांगवाड्यात १ ऑगस्ट १९२० ला अण्णा भाऊ साठे जन्मले. वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. कागदावर जिल्ह्याचं नाव दोनदा बदललं. महारवाड्यातून मांगवाड्याकडं बघण्याची आपली नजर किती बदलली? 'ती माणसं नीट ऱ्हात न्हाईत' हे वाक्य मी पाटलाच्या तोंडून ऐकलंय तसं आपल्या बौद्धवाड्यातही ऐकलंय. शपथेवर सांगतो.

एका वर्षी चौदा एप्रिलची मिरवणूक झाली. रात्रभर नाचलो, घोषणा दिल्या, घसा बसला. पहाटे चौकात कागदी ग्लासांचा, पत्रावळ्यांचा, फुलांचा खच. नगरपालिकेची एक बाई झाडत होती. वयानं माझ्या आईएवढी. हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं. आमच्यातला एकजण तिच्यादेखत ग्लास खाली टाकत म्हणाला, "टाक रं, झाडत्यात की. त्यांचं कामच हाय."

बाई झाडायची थांबली नाही. खाली बघूनच म्हणाली, "व्हय बाबा. जयंती तुमची, ड्युटी आमची."

मनूनं दहाव्या अध्यायात जे लिहिलं, ते आम्ही निळी टोपी घालून चौकात बोललो. घाण करील तो स्वच्छ, काढील ती घाण.

मी इथं झाडूची आरती ओवाळत नाही. मैला काढणं हे पुण्याचं काम आहे, हा गांधींचा उपदेश बाबासाहेबांनी १९४५ च्या त्यांच्या पुस्तकात सोलून काढलाय. कामाला पुण्य म्हणायचं आणि ते एकाच जातीला बांधून ठेवायचं, हे पुण्य नको. हातानं मैला उचलायला लावायला बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला, तरी गटारात माणसं मरतात. मरणाऱ्यांची जात विचारायची गरज पडत नाही. त्या बाईला मोजे मिळाले पाहिजेत, पुरा पगार मिळाला पाहिजे, तिच्या पोरीच्या हातात झाडू जाता कामा नये. ही मागणी आपल्या मोर्चाच्या पहिल्या ओळीत हवी. आणि ती मागायचा हक्क आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपण केलेला कचरा आपण उचलू.

तर पुढच्या चौदा एप्रिलला मिरवणूक संपल्यावर आपल्या शाखेनं चौकात थांबायचं आहे. आपण सांडलं ते आपण भरायचं. फोटो काढायचा नाही, भाषण नाही. ती बाई पहाटे आली तर तिला चौक मोकळा दिसला पाहिजे, आणि चहा पाजायला आपल्यातलं कुणीतरी तिथं पाहिजे.

कपडे इस्त्रीचे घाला, ठिगळाचे घाला, पण स्वच्छ घाला. कुणी विचारलं, कुणासाठी, तर सांगा, माझ्यासाठी. आणि कुणी बोट वर करून म्हणालं, नीट ऱ्हा, तर त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून सांगा की नीटचा पहिला अर्थ सरळ असा आहे. आम्ही सरळ उभे आहोत.

जयभीम.